पेनड्राइव्ह ओळख देत नाही तेव्हा

मैंदर्गीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरचे भुसार व किराणा मालाचे दुकान. गेली तीन वर्षे हिशेबाचे काम त्या पाहतात. सासरेबुवांनी चाळीस वर्षे लाल वह्यांत लिहिलेला रोजमेळ आणि खतावणी त्यांनी टॅलीवर आणली. मागील महिन्यात वीज सारखी ये-जा करीत असता दुकानातील संगणक बंद पडला व त्यातील हार्ड डिस्क निकामी झाली. दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवून दिली. बॅकअप पेनड्राइव्हमध्ये आहे म्हणून घरात कोणी फारशी चिंता केली नाही. तो पेनड्राइव्ह संगणकास लावला आणि पडद्यावर सूचना उमटली की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? त्या लिहितात, “मी अजून कोणतेच बटण दाबलेले नाही. सासरेबुवा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण काल त्यांनी कपाटातून कोरी वही काढली आणि आठवेल तशी उधारी लिहायला बसले.”

ताई, आपण बटण दाबले नाही हे फार चांगले केले. आता ‘कॅन्सल’ दाबावे, पेनड्राइव्ह रीतीप्रमाणे ‘इजेक्ट’ करून काढावा, त्यावर चिठ्ठी चिकटवून ‘यात काही लिहू नये’ असे लिहावे आणि तो बाजूस ठेवावा. त्या सूचनेत संगणक प्रश्न विचारतो खरा, पण तो त्याच्या सोयीचा आहे. त्यास यातील अनुक्रमणिका वाचता येत नाही, म्हणून जुनी टाकून नवी कोरी करू का, एवढेच तो विचारतो. आत आपला हिशेब आहे की लग्नाची छायाचित्रे, याची त्यास जाणीव नसते.

असाच अनुभव आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांस येत असणार, म्हणून या वेळी हा विषय थोडा विस्ताराने घेतो.

‘पेनड्राइव्ह ओळखत नाही’ असे आपण सरसकट म्हणतो. परंतु ओळख पटण्याच्या पायऱ्या असतात व कोणत्या पायरीवर अडले आहे त्यावर उपाय ठरतो. पेनड्राइव्हच्या नेहमीच्या चौकोनी तोंडाकडे नीट पाहिल्यास चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा किंचित लांब असतात. हेतू असा की, आत सरकवताना आधी वीज पोहोचावी आणि मग बोलणे सुरू व्हावे. वीज मिळाल्यावर पेनड्राइव्हमधील नियंत्रक, म्हणजे त्यातील छोटा मुनीमच म्हणा, जागा होतो व संगणकास आपला उत्पादक क्रमांक, वस्तू क्रमांक आणि आपण साठवणीचे साधन आहोत हे सांगतो. ही पहिली भेट. त्यानंतर संगणक विचारतो, ‘तुझ्यात जागा किती आणि तिचे भाग कसे पाडले आहेत?’ त्याचे उत्तर मिळाले की त्या भागास ई, एफ, जी असे अक्षर दिले जाते. सर्वात शेवटी संगणक त्या भागातील अनुक्रमणिका उघडतो आणि तेव्हाच आपणांस फाइली दिसतात.

मैंदर्गीच्या पेनड्राइव्हला वीज मिळते, नाव कळते, अक्षरही मिळते. केवळ अनुक्रमणिका वाचली जात नाही. म्हणजे तो शेवटच्या पायरीवर अडला आहे. ताई, आजारांत हा बरा आजार. बहुधा पाने शाबूत असतात, हरवलेली असते ती पानांची यादी.

पहिल्याच पायरीवर अडलेल्यांसाठी आधी सांगतो. पेनड्राइव्ह लावल्यावर दिवा लागत नाही, आवाज येत नाही, काहीच घडत नाही, अशा वेळी दोष पुष्कळदा पेनड्राइव्हचा नसून तोंडाचा असतो. टेबलाखालच्या मोठ्या संगणकाच्या पुढच्या बाजूस असणारी भोके आतून एका लांबट वायरने मुख्य पाटीला जोडलेली असतात. ती वायर सैल असते किंवा वीज पुरेशी पोहोचत नाही. मागच्या बाजूची भोके थेट मुख्य पाटीवरच असतात, म्हणून पेनड्राइव्ह प्रथम मागे लावून पाहावा. मध्ये हब किंवा जोडवायर असल्यास ती काढावी. आपल्या दुकानांत आणखी एक कारण असते, ते म्हणजे धूळ. तूर, उडीद, ज्वारीची पोती दिवसभर उलटली जातात व तो बारीक भुसा संगणकाच्या प्रत्येक भोकात जाऊन बसतो. कोरड्या मऊ ब्रशने, संगणक बंद ठेवून, हलक्या हाताने तो काढावा. तोंडाने फुंकर मारण्याची सवय सर्वांना आहे, पण फुंकरीबरोबर ओलावा जातो. तोंड वाकलेला पेनड्राइव्ह मात्र दाबून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. आतील सांधा तुटल्यास साधे काम अवघड होऊन बसते.

दुसरी अवस्था अशी की, आवाज येतो परंतु ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असे वाक्य कोपऱ्यात झळकते. विजेचे काम झाले, बोलणे अर्धवट राहिले. अशा वेळी पेनड्राइव्ह काढावा व संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. येथे बारकावा असा की, अलीकडच्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्णतः बंद होतोच असे नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून तो आपली काही स्थिती जपून ठेवतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सर्व नव्याने सुरू होते. शंका असल्यास बंद करून वायर काढावी, मिनिटभर थांबावे आणि मग सुरू करावे. तरीही तेच वाक्य आले तर स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. तेथे यूएसबीच्या यादीत पिवळे चिन्ह असलेली ओळ दिसेल, तिच्यावर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करावे व पुन्हा रीस्टार्ट करावे. याने पेनड्राइव्हमधील माहिती जात नाही, संगणकाने त्याच्याविषयी केलेली चुकीची नोंद तेवढी जाते. दोन-तीन वेगवेगळ्या संगणकांवर हेच घडत असेल तर नियंत्रक बिघडला असे धरून चालावे.

तिसरी अवस्था गमतीची आहे. पेनड्राइव्ह लागला, आवाज आला, पण ‘धिस पीसी’मध्ये त्याचे चिन्हच नाही. त्याच उजव्या कळेच्या यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ आहे, ते उघडून पाहावे. पेनड्राइव्ह तेथे दिसत असेल आणि केवळ अक्षर नसेल, तर त्या भागावर उजवी कळ दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून एखादे मोकळे अक्षर द्यावे. काही दुकानांत दोन संगणक जोडलेले असतात व दुसऱ्याच्या फोल्डरने तेच अक्षर आधी अडवलेले असते. तथापि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘नो मीडिया’ असे दिसले तर समजावे की मुनीम दुकानात हजर आहे, पण कोठाराची किल्ली त्याच्यापाशी नाही. नियंत्रक बोलतो, स्मृतीपर्यंत पोहोचू शकत नाही. त्यावर घरगुती उपाय नाही. ‘अनअलोकेटेड’ दिसले तर भागांची नोंद पुसली गेली आहे. तेथे ‘न्यू व्हॉल्यूम’ करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

आता पुन्हा मैंदर्गीकडे वळू. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यांच्या पेनड्राइव्हसमोर बहुधा ‘रॉ’ असा शब्द दिसेल. त्याचा अर्थ, अनुक्रमणिकेची पद्धत ओळखू आली नाही. जुन्या खतावणीत पुढची दोन-तीन पाने यादीसाठी राखलेली असत : अमक्याचे खाते पान अमुक. ती पाने फाटली म्हणून आतील खाती पुसली जात नाहीत, शोधायला मात्र पानन्‌पान उलटावे लागते. पेनड्राइव्हमध्येही असेच असते. फॅट नावाच्या जुन्या पद्धतीत ही यादी सहसा दोन प्रतींत असते व पहिल्या पानाचीही राखीव प्रत ठेवलेली असते. मोठ्या पेनड्राइव्हवर येणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत यादी बहुधा एकच असते, पहिल्या पानाची राखीव प्रत मात्र तेथेही असते. लिहिणे चालू असता वीज गेली अथवा कोणी पेनड्राइव्ह उपटला, तर यादीचे लिहिणे अर्ध्यावर तुटते. ताईंच्या पत्रावरून असे वाटते की, ज्या दिवशी विजेने संगणकाचा घात केला त्याच दिवशी बॅकअपही चालू असावा.

आणखी एक शक्यता तपासून पाहावी. पेनड्राइव्ह मधल्या काळात घरातील कोणी वापरला होता काय? पुण्यास शिकणाऱ्या मुलाने तो मॅक किंवा लिनक्स संगणकासाठी तयार केला असेल, तर विंडोजला ती यादी परक्या लिपीतील वाटते व तो फॉरमॅटचीच सूचना देतो. पेनड्राइव्ह पूर्ण धडधाकट असूनही! अशा मुलास आधी एक फोन करावा. मोबाइलला किंवा दूरदर्शन संचास लावून पाहण्यास हरकत नाही, परंतु तेथेही ‘सेटअप’ किंवा ‘फॉरमॅट’ असे बटण पुढे येते. ते दाबू नये.

या ठिकाणी एक सल्ला फार प्रचलित आहे, त्याविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. ‘चेकडिस्क चालवा, सगळे ठीक होते’ असे बहुतेक जण सुचवतात. चेकडिस्क ही विंडोजमधील दुरुस्तीची आज्ञा आहे व तिने अनेकदा काम होतेही. पण दुरुस्ती म्हणजे त्याच पेनड्राइव्हवर नवे लिहिणे. जी यादी जुळत नाही ती ती कापते, तुकडे वेगळ्या नावाने ठेवते, काही टाकून देते. आपला हिशेब दुसरीकडे सुरक्षित असेल तर ती अवश्य चालवावी. ही एकमेव प्रत असेल तर ती पहिली पायरी मुळीच नव्हे. एकुलत्या प्रतीवर प्रयोग करावयाचा नसतो; तिची नक्कल काढावी आणि प्रयोग नकलेवर करावा.

ही नक्कल म्हणजे फाइली ओढून घेणे नव्हे, फाइली तर दिसतच नाहीत. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, रिकामी जागा धरून, पेनड्राइव्हचे हुबेहूब चित्र दुसऱ्या डिस्कवर एका मोठ्या फाइलीत उतरवून घ्यायचे. यासाठी मोफत साधने आहेत. ‘टेस्टडिस्क’ हे त्यांपैकी एक विश्वासू साधन होय. ते चित्रही काढते, राखीव पहिल्या पानावरून मूळ पान पुन्हा उभे करून पाहते व हरवलेली यादी वाचून फाइली दुसरीकडे उतरवून देते. त्याचे भावंड ‘फोटोरेक’ हे यादीकडे न पाहता फाइलींच्या आरंभखुणांवरून त्या हुडकून काढते. छायाचित्रे, पत्रके, दस्तऐवज यांसाठी ते उत्तम. परंतु त्यात फाइलींची मूळ नावे राहत नाहीत, आणि टॅलीचा हिशेब म्हणजे ठराविक नावांच्या अनेक फाइलींचा संच. नावे गेली तर तो संच पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य. म्हणून हिशेबासाठी आधी टेस्टडिस्क, अगदी शेवटी फोटोरेक. परत मिळालेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ नयेत, हे निराळे सांगावयास नकोच.

हे काम स्वतः करण्याचा हट्ट नसावा. अक्कलकोट किंवा सोलापुरात जाणकार मंडळी आहेत. निवड करताना एकच प्रश्न विचारावा : “काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण पेनड्राइव्हची प्रत काढणार ना?” समोरच्याने ‘त्याची काय गरज, पाच मिनिटांत करून देतो’ असे म्हटले तर नमस्कार करून पेनड्राइव्ह खिशात घालावा. नियंत्रकच गेला असेल तर काम मोठ्या शहरातील माहिती-पुनर्प्राप्ती केंद्राकडेच न्यावे लागते. तेथे स्मृतीची चकती सोडवून थेट वाचतात. खर्च व यशाची शक्यता आधी लेखी विचारावी. आणि ज्यात गावातील शंभर घरांची उधारी आहे ती वस्तू आपण कोणाच्या हाती देतो, याचाही विचार करावा.

एव्हाना कोणी घाईने फॉरमॅट करून बसले असेल तर त्यांनीही धीर सोडू नये. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये प्रामुख्याने यादी कोरी होते. आतील पाने त्यावर नवे लिहीपर्यंत पुष्कळ अंशी तशीच राहतात. पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र आताच्या विंडोजमध्ये सर्व जागेवर शून्ये लिहिली जातात, तेथे आशा नाही.

पेनड्राइव्ह उघडतो पण फाइलींच्या जागी केवळ बाणाची चिन्हे दिसतात, असाही एक प्रकार आहे. पत्रिका, पावतीपुस्तके छापण्यासाठी छापखान्यात किंवा झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला की हा पाहुणा हमखास बरोबर येतो. त्या बाणावर टिचकी मारू नये, तो विषाणूचा दरवाजा असतो. मूळ फाइली बहुधा तेथेच असतात, फक्त लपवलेल्या. आधी अद्ययावत विषाणूरोधकाने तपासणी करावी, मग ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करावी. तरीही न दिसल्यास फोल्डरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये संरक्षित फाइली लपवण्याची जी खूण असते ती काढून पाहावी. छपाईसाठी एक स्वस्त पेनड्राइव्ह वेगळाच ठेवावा आणि त्याला हिशेबाच्या संगणकाचे तोंड दाखवू नये.

आणि काही पेनड्राइव्ह बिघडत नाहीत, ते जन्मतःच खोटे असतात. जत्रेत किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत १ टीबी, २ टीबी असे छापलेला पेनड्राइव्ह मिळतो. आत असते ८ किंवा १६ जीबी, नियंत्रकास मात्र खोटे बोलण्यास शिकवलेले असते. थोडी माहिती भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. मर्यादा ओलांडली की पुढचे कोठेच लिहिले जात नाही, किंवा जुन्यावरच लिहिले जाते. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचे मोफत साधन संपूर्ण जागा भरून, परत वाचून, हे खोटे उघडे पाडते. ही परीक्षा नव्या, रिकाम्या पेनड्राइव्हवरच घ्यावी. खऱ्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मात्र संगणक सुमारे २९.८ जीबी दाखवतो, त्यात फसवणूक नाही. कारखानदार हजारच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या पटीत. दशमान वजने येण्यापूर्वीचा कच्चा शेर आणि पक्का शेर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दिसण्यात पेनड्राइव्हसारखी असणारी आणखी एक वस्तू गल्ल्यात असते, ती म्हणजे डिजिटल सहीचा टोकन. तो लावल्यावर साठवणीचे अक्षर दिसत नाही, म्हणून कित्येक जण तो बिघडला असे समजतात. तो साठवणीसाठी नाहीच. त्याचे स्वतंत्र सॉफ्टवेअर बसवले की तो चालतो. त्यात ‘इनिशियलाइझ’ नावाचे बटण असते. ते दाबल्यास आतील सही कायमची जाते आणि नवी काढावी लागते. घरातील मुलांच्या हाती हा टोकन लागू देऊ नये.

पेनड्राइव्ह ही वस्तू मुळात कशासाठी जन्मली, हे ध्यानात घेतले तर तिच्याकडून काय अपेक्षावे तेही कळते. आत ज्या प्रकारची स्मृती असते ती जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून आली. १९८७ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. यूएसबीची पहिली संहिता १९९६ च्या जानेवारीत निघाली. ती घडवणाऱ्यांत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे अग्रणी होते. (पेनड्राइव्ह नेमका उलटा धरला जातो त्याबद्दल लोक त्यांनाच बोल लावतात. दोन्ही बाजूंनी लागणारे तोंड त्या वेळी फार महाग पडले असते, असे त्यांचे उत्तर आहे.) या दोहोंचा संगम होऊन २००० च्या सुमारास पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले, त्यातील एकाची जागा अवघी ८ एमबी होती. फ्लॉपीच्या जागी माहिती इकडून तिकडे नेण्यासाठी ते आले. नेण्यासाठी, वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी नव्हे.

आत माहिती राहते ती सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेल्या विद्युतभाराच्या रूपाने. तो भार काळानुसार हळूहळू झिरपतो व उष्णतेने झिरपण्याचा वेग वाढतो. सोलापूर जिल्ह्यातील वैशाख आपणांस ठाऊक आहे. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आणि पत्र्याखालच्या दुकानात लोखंडी तिजोरीत पेनड्राइव्ह. शिवाय स्वस्त पेनड्राइव्हमध्ये एकाच कप्प्यात तीन-तीन अंक कोंबतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्या जितक्या जवळ, तितकी गफलत सोपी. सासरेबुवांच्या वहीतील शाई मात्र अजून वाचता येते, हे मान्य केलेच पाहिजे.

ताई, पेनड्राइव्ह जाणकाराकडे जाईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसू नये. हिशेबाचा मोठा भाग आपल्याबाहेर इतरत्र लिहिलेला आहे. सोलापूरच्या करसल्लागारांकडे मागील विवरणाच्या वेळी दिलेली टॅलीची प्रत असण्याचा संभव मोठा. प्रथम त्यांना फोन करावा. जीएसटीच्या संकेतस्थळावर आपण भरलेले विक्रीचे विवरण व पुरवठादारांनी भरलेली आपली खरेदी दोन्ही मिळतात. ई-वे बिले मिळतात. बँकेचा उतारा मिळतो. दुधनीच्या बाजार समितीत विकलेल्या मालाच्या पट्ट्यांच्या प्रती फाइलीत असतील. एवढ्यावरून खरेदी, विक्री व बँक ही तीन खाती पुन्हा उभी राहतात, मग पेनड्राइव्ह उघडो वा न उघडो.

राहते ती उधारी आणि रोख. आपले गाव सीमेवरचे; अक्कलकोट तालुक्यातली गिऱ्हाइके, तशी पलीकडच्या अफझलपूर आणि आळंद तालुक्यांतलीही. कोणी मराठीत बोलतो, कोणी कन्नडमध्ये, आणि माल नेतो तो शब्दावर, पैसे येतात तूर निघाल्यावर. ही उधारी कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर नाही, म्हणून सासरेबुवा जे करीत आहेत ते आजच्या घडीला सर्वात मोलाचे काम आहे. चाळीस वर्षे ज्यांनी खाती लिहिली त्यांच्या स्मरणात कोणाकडे किती, याचा ठाव असतो. आपण त्यांच्या शेजारी बसावे, हाती पट्ट्या व चिठ्ठ्या घ्याव्यात, आणि त्यांनी सांगितलेली रक्कम व तारीख पडताळून पाहावी. गिऱ्हाइकांस भेटून त्यांच्याजवळची चिठ्ठीही पाहता येते. पेनड्राइव्ह उघडला तर ही वही त्याच्याशी ताडून पाहण्यास उपयोगी पडेल.

पुढची व्यवस्था थोडक्यात सांगतो. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, एक दुकानाबाहेर घरी ठेवलेल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर, मग ती करसल्लागाराकडे असो वा इंटरनेटवरील साठवणीत. रोजच्या बॅकअपसाठी दोन पेनड्राइव्ह ठेवावेत व त्यांवर ‘सम’ आणि ‘विषम’ अशी नावे लिहावीत. सम तारखेस एक, विषम तारखेस दुसरा. विजेने एकाचा घात केला तरी आदल्या दिवसापर्यंतचे दुसऱ्यावर राहते. बॅकअप घेताना यूपीएस चालू असावा. अलीकडच्या विंडोजमध्ये ‘इजेक्ट’ न करता पेनड्राइव्ह काढला तरी चालते असे म्हणतात. २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत तशी मुभा ठेवलेली आहे हे खरे. पण लिहिणे चालू असताना काढण्याची मुभा कोणत्याही आवृत्तीत नाही. दिवा लुकलुकत असेल तर थांबावे. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर ‘रीस्टोअर’ करून, दोन-चार खात्यांची बाकी जुळते का ते पाहावे. ज्या बॅकअपमधून कधी काही परत काढून पाहिले नाही, त्यास मी बॅकअप म्हणत नाही.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, तेव्हा त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवा. दरवर्षी लक्ष्मीपूजनास वह्यांबरोबर मागील वर्षांच्या प्रतीही बाहेर काढाव्यात, उघडून पाहाव्यात आणि नव्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

जुना पेनड्राइव्ह कोणास देताना क्विक फॉरमॅटवर विसंबू नये, कारण वर सांगितल्याप्रमाणे आतील पाने तशीच राहतात. द्यायचाच असेल तर पूर्ण फॉरमॅट करून द्यावा. बिघडलेला पेनड्राइव्ह कचऱ्यात किंवा भंगारात टाकण्याआधी त्याचे आवरण काढून आतील काळी चकती पकडीने मोडावी. ज्याला आपला संगणक ओळखत नाही त्यातील उधारी दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही असे नाही.